पुन्हा बसणे

निकाल मला तिनेच वाचून दाखवला,
सरकारी पैशातून घेतलेल्या त्या यंत्रातल्या बाईने,
जिला घसा नाही, गाव नाही.
'सांख्यिकी, भाग दोन. अनुत्तीर्ण.'
आणि मग त्याच सुरात, श्वासही न घेता,
'उद्या वाऱ्यामुळे बोट सुटणार नाही.'

पत्ता येल. विद्यापीठ नव्हे, बेट.
शेटलंडच्या उत्तरेला. झाडं नाहीत, मेंढ्या आहेत.
अठरा वर्षं मी इथल्या सॅमनच्या कारखान्यात उभी होते.
बर्फातून उचलायचा, तोलायचा, खोक्यात निजवायचा.
खोक्यात किती मासे, हे बोटं न बघता सांगायची.
मग बोटंच मिटेनाशी झाली.
उभ्याचं काम गेलं. म्हटलं, बसण्याचं बघू.
परीक्षेला बसू.

बसता तरी कुठं येतं?
चाळीस मिनिटांत कंबर दगड होते.
म्हणून खुर्ची मंजूर झाली.
दोन बोटी बदलून आली, लॉरी आणि त्याच्या पोराने
उचलून आणली, नवरी उतरवावी तशी जपून.
पाच कळा. मागे चिकटपट्टी:
'फक्त शिक्षणासाठी वापरावी.'
मी तिच्यात बसून मटार सोलते.

नापास झालं की फोन करावा लागतो.
पलीकडे प्रिंगल नावाचा सभ्य माणूस.
'त्याच विषयाची फी दुसऱ्यांदा देता येईल का, बघावं लागेल.
खुर्ची, वाचणारा आवाज, दोन तास लिहून घेणारी मुलगी,
हे चालू राहील, मॅडम, जर…'
जर म्हणून तो कागद चाळतो.
'तुमच्या प्रकृतीत काही बदल?'

बरी म्हणावं तर मुलगी जाते.
बिघडली म्हणावं तर, मग झेपेल कशावरून?
खुर्ची मिळण्याइतकी आजारी,
पास होण्याइतकी धडधाकट,
ह्या दोन भिंतींमधल्या बोळातून
मी अंग चोरून जाते. सवय झालीय.
'तशीच आहे,' म्हणाले.
'तशीच'ला त्यांच्या अर्जावर चौकोन नाही.

फेब्रुवारीत बोटी बंद होत्या, बोटंही.
लिहून घेणारी ओस्ला पलीकडच्या धक्क्यावर अडकलेली.
शेवटचा गृहपाठ यंत्राला तोंडी सांगितला.
मी म्हटलं, 'प्रमाण विचलन'.
त्याने लिहिलं, 'परवा विसरलं'.
आमचं बेटावरचं बोलणं त्याच्या कानी बसत नाही.
शिक्षकांचा शेरा आला: कल्पना रोचक, व्याख्या चूक.
हसले. खूप हसले.
मग चहा थंड होईस्तोवर नुसती बसून राहिले.

अर्ज गेलाय. उत्तर सहा ते आठ आठवड्यांत.
तोवर जुनंच पुस्तक उघडलंय.
समासात कुणीतरी पेन्सिलीने भांडतंय:
'असं का?' 'कोण म्हणतं?' 'ह्यापेक्षा मासे बरे.'
पान एक्केचाळीसवर एकच शब्द, 'हात'.
पुढे एक रेघ, घसरत, पानाच्या कडेबाहेर गेलेली.
त्यानंतर सगळी पानं कोरी करकरीत.

म्हणजे गेल्या वर्षी मी इथवरच आले होते.
पुढचं न वाचताच बसले होते परीक्षेला.
प्रिंगलला हे सांगितलं नाही. लॉरीलाही नाही.
तो अजून म्हणतो, पेपरच कठीण काढला असणार.

वारा पडलेला नाही. शेगडीत पीट धुमसतंय,
खुर्चीची पाठ दोन कळा मागे.
'पान बेचाळीस,' मी सांगते.
'पान पहिले,' ती सुरू करते. 'प्रस्तावना.'
'बेचाळीस.'
सावकाश म्हणते, तिच्यासारखं गाव पुसून टाकून.
'माफ करा,' ती म्हणते,
'पुन्हा सांगा.'